एक भुवई उरली

कुताईसीच्या बाजारात, जिन्याखाली माझं दुकान.
रुंदी चार हात, त्यातले दोन बिघडलेल्या फोनांचे.
सकाळी शटर अर्धं वर गेलं तोच
त्सिउरी वाकून आत आली.
छातीशी टॅब्लेट, मुठीत पेन,
आणि पेनानं मिठाची गुळणी धरलेली.

"काल रात्रीपर्यंत बोलत होतं," म्हणाली.
मग एकेक कबूल करत गेली:
काखेत धरून ऊब दिली,
शेजारणीच्या सांगण्यावरून मक्याच्या पिठात पुरलं,
दोनदा आपटलं. हळूच.
बरं, तिसऱ्यांदा हळूच नाही.

मी फुंकर मारली. खाचेतून पिवळं पीठ उडालं.

पडद्यावर वालिको नावाचा म्हातारा,
जन्मभर बस हाकलेला.
टोपी झालेली, मिशा झालेल्या,
गळ्याची सैल कातडीसुद्धा.
उजवी भुवई झालेली.
डावीच्या जागी नुसतं कपाळ.
काळा दगड अंगणात घासूनपुसून तयार,
शनिवारी चाळिसावा दिवस,
आणि एका भुवईचा माणूस
चकित झालाय की चिडलाय, कळत नाही.
"बायको म्हणते, चिडकाच होता.
पण तसा कोरू नकोस, म्हणते."

बोटानं काढ की, मी म्हटलं.
तिनं बोट पुढे केलं:
दगडाच्या भुकटीनं भेगाळलेलं,
पडद्याला ते माणसाचं वाटतच नाही.

मग माझं नेहमीचं पारायण.
चार्ज ऐंशी टक्के.
काच पुसली, वरचा पापुद्रा उचकटला,
खाली एक बुडबुडा आणि एक पांढरा केस.
बंद करून चालू केलं.
चुंबकाचं झाकण ठेवलं पार तिकडे, खिडकीत.
टोक फिरवून काढलं,
तांदळाच्या कणीएवढं,
चपलेची टाच झिजते तसं एका अंगानं तिरकं.
बाई डावीकडे कलून काढते. आणि दाबून.
नवं टोक बसवलं. पाव आटा पुढे, पाव आटा मागे.
ढिम्म.

उरतं ते एकच.
यादी उघडली. जोडलेली उपकरणं: एक.
नाव: काकडी.

मी तिच्याकडे पाहिलं.
"बेकानं ठेवलंय. मुलानं.
पेन त्यानंच आणलं, पोलंडहून. ट्रक चालवतो तिथे."

काकडीवर बोट ठेवलं की पडदा विचारतो,
हे उपकरण विसरायचं?
'नको' राखाडी, 'विसरा' तांबडं.
दिवसातून दहादा दाबतो मी ते, चहाचा घोट घेता घेता.
या वेळी टॅब्लेट तिच्याकडे फिरवला,
का कोण जाणे.

"विसरल्यावर काकडी राहील?"
नाही. कारखान्याचं नाव येईल. आकडे.
"आणि नाही विसरलं तर?"
तर हे असंच. ओळखीचं, पण मुकं.

बाहेर चीजवाल्या दोघी वजनावरून भांडत होत्या.
त्सिउरी त्यांचं भांडण संपेपर्यंत थांबली.
आसपासच्या टेकड्यांवर जिकडे जावं तिकडे
हिच्या हातचे डोळे बघतात,
आणि ही काकडीपाशी अडली.

मग दाबलं. अंगठ्यानं.
पहिल्यांदा लागलंच नाही, परत दाबलं.

यादी रिकामी.
सात सेकंद. मी मोजतो, सवय आहे.
पेन कडेला चिकटवलं,
आणि पडद्यानं अनोळखी पाहुण्याला विचारावं तसं विचारलं:
जोडायचं?

पेन चालतंय का बघायला लोक सही करतात,
नाहीतर वेटोळी काढतात.
तिनं तिथेच, काउंटरवर कोपर टेकून,
डावी भुवई काढली, सात-आठ केसांत.
वालिको हसला असं नाही म्हणणार.
पण धावत आलात तर बस थांबवेल, असं वाटलं.

पाच लारी घेतले. पीठ काढायचे काही नाही.
"नाव टाकून देऊ? काकडीच?"
"राहू देत आकडे," ती म्हणाली,
"नववर्षाला येईल तो.
आल्यावर त्याला काम नको काही?"

झिजलेलं टोक मी बरणीत टाकलं,
अक्रोडाच्या मुरंब्याची जुनी बरणी,
तळाशी अशीच तीस-चाळीस टोकं.
पडल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.